पत्र्याच्या पोटातला गंज

कल्याणहून मुरबाड, टोकावडे करीत माळशेज घाटाकडे निघाले की घाट लागण्यापूर्वी वैशाखरे येते. नाणेघाट चढणारी मंडळी याच भागात गाडीतून उतरतात. २०२३ च्या सप्टेंबरात आळेफाट्याकडील उधारी वसूल करून आम्ही माळशेज उतरलो आणि वैशाखऱ्याजवळ आमच्या पद्मिनीचे मागचे चाक बसले. पावसाची रिपरिप चालू होती. पुतण्याने जॅक लावला व दांडा फिरवू लागला. जॅक वर जात होता, गाडी मात्र जागची हलेना. आधी वाटले, जॅक चिखलात रुतत असेल. वाकून पाहिले तर जॅकचे डोके दाराखालच्या पत्र्यात शिरले होते आणि त्या भोकातून पाणी व तांबडा भुसा खाली गळत होता.

गाडी १९७४ सालची. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाईट, पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी अशा नावांनी जी गाडी निघत आली, तीच ही. वडिलांनी ती जुनीच घेतली होती. तिच्या डिकीतून लट्ठ्याचे, पॉपलीनचे, लुंग्यांचे गठ्ठे थेट म्हशाच्या जत्रेपर्यंत गेले आहेत. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजात तिचा पुरा रंग करून घेतला होता आणि त्या रंगाच्या जोरावर पुण्याच्या एका शौकीन गृहस्थांनी आठच दिवसांपूर्वी बयाणा दिला होता. मुंबईच्या टॅक्सींतील शेवटच्या पद्मिनीची २० वर्षांची मुदत त्याच ऑक्टोबरअखेर संपत होती. त्यामुळे नीट ठेवलेल्या खासगी गाडीची विचारपूस वाढली होती.

रस्त्यालगत नांगर आणि ट्रॉल्या दुरुस्त करणाऱ्या एका वेल्डिंगवाल्या काकांनी आमची फजिती पाहिली व छत्री घेऊन आले. त्यांनी मागच्या पाट्याच्या खाली लाकडाचा ठोकळा घेऊन गाडी उचलली, चाक बदलून दिले. मग पेचकस घेऊन दाराखाली चार ठिकाणी टोचले. चारही ठिकाणी तो मुठीपर्यंत आत गेला. म्हणाले, “शेठ, ही गाडी पत्र्यावर नाही, रंगावर उभी हाय. अशी कल्यानला नेऊ नका.” गाडी त्यांच्या शेडमध्ये ठेवून आम्ही एस. टी.ने घरी आलो. पुढे चार-सहा महिने त्या शेडमध्ये जे पाहिले व शिकलो, ते आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहोत. जुनी गाडी, जुना टेम्पो, माल वाहायची व्हॅन आपल्यापैकी कितीतरी जणांकडे आहे, आणि डेंटिंग-पेंटिंगचा धंदा करणारेही आपल्यात थोडे नाहीत.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की पद्मिनीला जीप किंवा ट्रकसारखी वेगळी चासी नाही. जीपचा पत्रा सडला तरी खाली चासीचा सांगाडा शाबूत असतो. पद्मिनीत आणि अँबेसेडरमध्येसुद्धा पत्र्याच्या पेट्या एकमेकींना जोडून तोच सांगाडा केलेला आहे. दारांखालची लांब पोकळ पेटी, दारांमधला खांब, मागचे पाटे जेथे टांगलेले असतात त्या वरची पेटी, ही सगळी गाडीची हाडे. पत्रा मात्र जेमतेम एक मिलिमीटरचा. या पेट्या बाहेरून दिसतात गुळगुळीत, आत काय चालले आहे ते कोणालाच दिसत नाही. मोनोग्राम लावलेल्या गठ्ठ्यात वरची दोन ठाणे चांगली आणि आत कसर लागलेला माल असावा, तसा हा प्रकार.

उर्दूत गंजाला जंग म्हणतात. लढाईलाही मराठीत लिहिताना तेच अक्षर येते, त्यामुळे आमच्या लहानपणी आम्हांला वाटे की लोखंडाशी कोणीतरी लढते आहे म्हणून ते लाल होते. लढणारे दोघेच आहेत, पाणी आणि हवा. लोखंडाला दोन्ही एकत्र मिळाले की गंज सुरू होतो, आणि त्यात मीठ असेल तर फार वेगाने. पाऊस पडलाच पाहिजे असेही नाही. हवेतील दमटपणा साधारण ६० टक्क्यांच्या वर गेला की उघड्या लोखंडावर दिसेल न दिसेल असा पाण्याचा थर बसतो. घाटाच्या पायथ्याशी जून ते सप्टेंबर हवा त्याच्या खाली येतच नाही. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. दोन पत्र्यांच्या सांध्यात तो धरला की पाचर ठोकावी तसा पत्रे फाकवतो आणि फाकलेल्या जागेत आणखी पाणी जाते.

पेटीच्या आत हे पाणी जाते कोठून? दाराची काच ज्या रबरातून खाली-वर होते त्या फटीतून पाणी दारात उतरतेच. ते रोखता येत नाही म्हणून कंपनीने दाराच्या तळाला भोके ठेवलेली असतात. दाराखालच्या पेटीलाही तशी भोके असतात. चाकाने उडालेला चिखल, पाने, धूळ यांनी ती बुजतात. मग दार म्हणजे पाण्याची टाकी. आमच्या गाडीची अर्धी भोके चिखलाने बुजली होती आणि उरलेली त्या रंगकामात जाड काळा डांबरी थर मारून बंद केली होती. कारागिराने ते ‘गंज लागू नये’ म्हणून केले होते! वरून डांबराचे झाकण, आत ओल. दोन पावसाळे पुरले.

आता परीक्षा. गाडी विकत घेताना किंवा स्वतःच्या गाडीची तब्येत पाहताना रंगाकडे पाहून काही कळत नाही. रंगावर बारीक फुगे आले असतील तर ते वरचे गंजणे समजू नये. बहुतेक वेळा ते आतून आरपार आलेले असते आणि दिसणाऱ्या फुग्याच्या कितीतरी पट पत्रा आत गेलेला असतो. एक साधा लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून मडगार्डच्या कडा, दारांचा तळ, दिव्यांच्या भोवतालचा भाग यांवरून फिरवावा. पुट्टी जाड असेल तेथे पकड सुटते. पेचकसाच्या मुठीने हलके ठोकावे. चांगला पत्रा वाजतो, सडलेला किंवा पुट्टीचा भाग ठस्स आवाज देतो. पायाखालचे मॅट आणि त्याखालचा नमदा उचलून पाहावा, कारण ओला नमदा महिनोन्‌महिने वाळत नाही. डिकीत स्टेपनीखाली बोट घालून पाहावे. बॅटरी ठेवायच्या तबकाखाली पाहावे, तेथे पाण्याबरोबर आम्लही सांडलेले असते. आणखी एक युक्ती आम्हांला उस्तादांनी दाखवली. गाडी एका बाजूने जॅकवर उचलावी आणि मग दार उघडून लावून पाहावे. जमिनीवर सहज लागणारे दार जॅकवर अडत असेल तर दाराखालची पेटी कामातून गेली आहे. गाडी मधोमध वाकते आहे. हल्ली मोबाईलला जोडायचा बारीक तारेचा कॅमेराही मिळतो. तो पाण्याच्या भोकातून आत सोडला की सगळे समोर दिसते. ज्याचा रोजचा धंदा आहे त्याने तो जरूर ठेवावा.

पुण्याच्या गृहस्थांना त्याच रात्री फोन करून सर्व हकिकत सांगितली व बयाणा परत पाठवला. घरात यावर एकमत नव्हते. पुतण्याचे म्हणणे, त्यांनी गाडी स्वतः पाहून घेतली होती, आपण कोठे काही लपवले? पण आठ दिवसांपूर्वी आम्हांला माहीत नव्हते, आता माहीत होते. धान्याच्या राशीत हात घालून आतली ओल बाहेर काढल्याचा मदिनेच्या बाजारातला प्रसंग आपल्या व्यापाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. रंगाखाली गंज ठेवून गाडी विकणे हे त्याहून वाईट, कारण ओल्या धान्याने कोणाचा जीव जात नाही. मागचा पाटा पेटीतून उखडला आणि गाडी घाटात असली तर काय होईल, हे माळशेज पाहिलेल्याला वेगळे सांगायला नको.

कामाला कुर्ल्याहून एक जुने डेंटर आणले. त्यांना आम्ही उस्तादच म्हणतो. त्यांनी आधी काहीच कापले नाही. दारे काढण्यापूर्वी प्रत्येक दाराची फट मोजून भिंतीवर खडूने लिहिली. मग दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी पाइप टाके मारून बसवला. पेटी कापली की गाडीचा मध्य खाली बसतो आणि मग नवा पत्रा कितीही छान जोडला तरी दारे जन्मभर लागत नाहीत, म्हणून हा आधार. गाडीचे वजन पुढे-मागे चाकांच्या बाजूने नीट पेलले आहे ना, ते पाहून एका वेळी एकच बाजू उघडली. घाईत दोन्ही बाजू एकदम कापणारे कारागीर आहेत. अशाकडे गाडी देऊ नये.

गंजलेला भाग किती कापायचा? जेथे पत्रा स्वच्छ, चमकदार आणि पूर्ण जाडीचा लागेल तेथपर्यंत. गिऱ्हाईक म्हणते थोडे कमी कापा, खर्च वाढतो. पण सडलेल्या कडेला वेल्डिंग धरतच नाही, ती कड जळून मागे मागे सरकते. आमच्या गाडीत बाहेरून तळहाताएवढे भोक होते, प्रत्यक्षात दाराखालची जवळजवळ सगळी पेटी आणि पाटा टांगायच्या जागेचा काही भाग बदलावा लागला. पेटी उघडली तेव्हा आत पूर्वीच्या दुरुस्तीचा पत्रा निघाला, त्याच्या आत आणखी एक. तीन वेळा कोणीतरी सडक्यावर ठिगळ लावले होते. कापडात जीर्ण जागी रफू टिकत नाही हे शिंप्याला कळते. डेंटरला कळत नाही असे नाही, पण गिऱ्हाइकाला भाव कमी हवा असतो.

नवा पत्रा त्याच जाडीचा घ्यावा. जाड पत्रा मजबूत म्हणून बसवला तर पातळ-जाड सांध्यावर वेल्डिंग करताना पातळ बाजू जळते. तो पुठ्ठ्याच्या नमुन्यावरून कापून वाकवावा. एकावर एक चढवून जोडला तर आत फट राहते आणि पुढचा गंज तेथेच धरतो. म्हणून शक्य तेथे कडेला कड भिडवून जोडावा. जेथे चढवणे भागच आहे तेथे दोन्ही अंगांना जस्ताचा, वेल्डिंग चालणारा प्रायमर आणि नंतर सांध्यात सीलर हवा. गॅसच्या वेल्डिंगने सबंध पत्रा तापून लाटा येतात. आता लहान गॅरेजांतही सीओटू मशीन आले आहे, त्याने दूर दूर टाके घालीत, मध्ये थंड होऊ देत काम करावे. एका टोकाकडून सलग ओढत जाऊ नये.

येथे एक इशारा. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडावी, नमदा व सीट बाहेर काढावे, पेट्रोलची टाकी आणि नळी जवळ असेल तर उतरवावी आणि वाळूची बादली हाताशी ठेवावी. पेटीच्या आत जुने तेल वा डांबर असेल तर ते बाहेरून न दिसता पेटते. जस्त चढवलेला पत्रा वापरला तर सांध्यावरचे जस्त घासून काढावे, कारण त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी-ताप भरतो. शेड चारही बाजूंनी उघडी होती म्हणून आमचे काम निभावले.

जेथे पत्रा शाबूत आहे पण वरून गंजला आहे, तेथे कापायचे कारण नाही. तारेच्या ब्रशने आणि रेगमालाने सुटे पोपडे काढून रस्ट कन्व्हर्टर लावावा. बाजारात हे दोन जातींचे येतात. एकात फॉस्फोरिक आम्ल असते, ते गंजाचा लोह-फॉस्फेट करते. दुसऱ्यात टॅनिक आम्ल असते, ते गंजाशी मिळून निळसर काळा थर करते. बाटलीतले दूधासारखे पाणी लाल पत्र्यावर फिरवल्यावर तो पाहता पाहता काळा पडताना पाहिला आणि आम्ही हसलो. हा तर आमच्याच धंद्यातला रंग! छपाईचे कारागीर कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवतात आणि लोखंडाच्या पाण्याचा ठसा मारतात, तेव्हा जो काळा उठतो तो हाच. हिरड्यातले टॅनिन आणि लोखंड. माळशेजच्या वरच्या अंगाला जुन्नर-आंबेगावचे आदिवासी तोच बाळहिरडा वेचून विकतात. वेल्डिंगवाल्या काकांना हे सांगितले तर ते हिरड्याचा काढाच करायला निघाले. त्यांना थांबवावे लागले. बाटलीतल्या द्रवात टॅनिनबरोबर वर पापुद्रा धरणारा पदार्थही असतो, नुसत्या काढ्याने काळेपणा येईल पण संरक्षण येणार नाही.

कन्व्हर्टरचीही मर्यादा ओळखावी. तो गेलेला पत्रा परत आणत नाही. जाड पोपड्यांच्या तळापर्यंत पोचत नाही. स्वच्छ चमकत्या लोखंडावर त्याचा उपयोग नाही. सुटे लहान भाग, म्हणजे दिव्यांची कडी, बिजागऱ्या, पट्ट्या, हे लिंबूसताच्या पाण्यात रात्रभर बुडवले तरी स्वच्छ होतात. नंतर धुऊन, लगेच वाळवून, त्याच दिवशी प्रायमर द्यावा. स्प्रिंगा मात्र आम्लात घालू नयेत, कडक पोलाद त्याने ठिसूळ होते.

रंगाविषयी थोडक्यात. रेड ऑक्साईड मारून गाडी महिनाभर अंगणात उभी करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. साधा प्रायमर पाणी अडवत नाही, शोषतो. त्यावर रंग चढेपर्यंत खाली गंज सुरू झालेला असतो. उघड्या पत्र्यावर आधी दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, त्यावर गरजेपुरती पुट्टी, मग पुन्हा प्रायमर व रंग, हा क्रम. पुट्टी ही पोत सारखा करण्यासाठी आहे, भोक बुजवण्यासाठी नाही.

आणि बाहेरचा रंग झाला म्हणजे काम संपले असे बहुतेक जण समजतात. खरे काम आतले. बंद पेटीच्या आत ब्रश जात नाही. तेथे पातळ मेण लांब नळीने फवारतात, ते सांध्यासांध्यांत झिरपते आणि मऊच राहते म्हणून तडकत नाही. पण आत थोडीही ओल असेल तर मेण ती कोंडून ठेवते. म्हणून पत्रा आतून खडखडीत वाळलेला हवा, आणि आमच्या भागात याला एकच हंगाम, उन्हाळा. उस्तादांनी वेल्डिंग हिवाळ्यात केले, गाडी तशीच उन्हात उभी ठेवली आणि मेण २०२४ च्या मे महिन्यात, ऐन वैशाखात भरले. गावाचे नाव वैशाखरे, म्हणून आमच्या पुतण्याला हा मोठा योगायोग वाटला. पत्रा हाताला चटका देई इतका तापला होता, मेण पाण्यासारखे धावले आणि तळाच्या भोकांतून थेंब थेंब बाहेर आले. ते थेंब आले की समजावे, भोकेही मोकळी आहेत.

कित्येक जण मेणाऐवजी इंजिनातले जळके ऑइल मारतात. फुकट मिळते हे खरे. पण ते रबराच्या बुशांना खाते, ब्रेकपर्यंत गेले तर घात करते, आणि पहिल्या पावसात धुऊन भातखाचरात जाते. आमच्या मते ही काटकसर नव्हे.

गाडी ठेवण्याचीही एक चूक आम्ही वर्षानुवर्षे केली. पावसाळ्यात तिच्यावर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून मातीच्या जमिनीवर ठेवत असू. जमिनीची वाफ वर येते, प्लॅस्टिकखाली अडते आणि रात्री थंड पत्र्यावर पाणी होऊन बसते. प्लॅस्टिकमध्ये बांधलेल्या ठाणांवर बुरशी येते हे रोज पाहणाऱ्या कापडवाल्यांनी हे करावे म्हणजे कमालच. छप्पर हवे, फरशी किंवा कोबा हवा, बाजू मोकळ्या हव्यात. झाकायचेच तर सुती कापड.

धंद्याच्या दृष्टीने दोन गोष्टी नोंदवाव्याशा वाटतात. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचा नियम केला. त्यात ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो, नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि अशी गाडी रोजच्या किंवा भाड्याच्या वापराला चालत नाही. अट अशी की चासी, बॉडी व इंजिन मूळ स्वरूपात असावे, त्यात मोठा फेरफार नसावा. म्हणजे मूळ सांगाडा तसाच राखून आतला गंज काढणारा कारागीर लागणार. १९७४ ची पद्मिनी त्या वयाला पोचली, पुढची वर्षे एकेक करून पोचतील. सुटे भाग कुर्ल्याच्या बाजारात आणि मटण स्ट्रीटला अजून शोधले तर मिळतात, पण दाराखालची पेटी हातानेच घडवावी लागते.

दुसरी गोष्ट भाव ठरवण्याची. पत्र्याची किंमत किरकोळ, मजुरीच सगळी. आणि उघडल्याशिवाय मजुरी सांगता येत नाही. अंगावर काम घेऊन आकडा ठरवला की कारागिराला पुढे एकतर तोटा सोसावा लागतो किंवा पुट्टी भरावी लागते. उस्तादांनी आमच्याकडून आधी फक्त उघडून पाहण्याची मजुरी घेतली, मोबाईलवर प्रत्येक भोकाचे फोटो काढले आणि मग कागदावर लिहून दिले की कोणता भाग बदलणार, कोणता नुसता साफ करणार. बंद करण्यापूर्वी आम्हांला कल्याणहून बोलावून पेटीच्या आत हात घालायला लावला. ज्या गॅरेजात पहिला रंग झाला तेथेही असे उघडून दाखवले असते तर आम्ही कदाचित अधिक पैसे दिले असते. कदाचित दिले नसते. त्या वेळी आम्हांलाही चकचकीत आणि स्वस्तच हवे होते.

खर्च, खरे सांगायचे तर, गाडीच्या ठरलेल्या किमतीच्या अर्ध्याच्या वर गेला. भंगारात काढा असे सांगणारे घरात होतेच. पुण्याचे गृहस्थ जूनमध्ये वैशाखऱ्याला येऊन गेले. फोटो पाहिले, गाडी जॅकवर चढवून दार उघडून लावून पाहिले. घेऊ म्हणाले, पण जुन्या भावाने. आम्ही अजून हो म्हटलेले नाही. गाडी सध्या आमच्याकडेच आहे आणि पाऊस सुरू झाला की दर जुम्मेरातीला दुकान बंद केल्यावर पुतण्या सायकलचा स्पोक घेऊन खाली बसतो व दारांची आठही भोके एकेक करून मोकळी करतो.